चित्रातले उंदीर

खळ शिजताना जो वास सुटतो तो ज्यानं लहानपणी घेतला नाही त्याला मी सांगून कळायचा नाही, तरी सांगतो. ज्वारीचं पीठ आणि चिंचोक्याचं पीठ पाण्यात कालवून मोठ्या पातेल्यात चुलीवर चढवायचं आणि हात न थांबवता ढवळत राहायचं. आधी भाकरीचा वास येतो, मग आंबिलीचा, आणि शेवटी निळं मोरचूद पडलं की घशाला लागणारा एक कडवट वास. ही खळ म्हणजे सुताची पेज. कच्चं सूत तसंच मागावर चढवलं तर पटापटा तुटतं. खळ पाजून वाळवलं की त्याच्या अंगात ताठपणा येतो. सोलापूरच्या पूर्व भागात तेव्हा गल्लोगल्ली हे काम चालायचं. दिवस उगवायच्या आत अख्ख्या गल्लीच्या लांबीचा ताणा, म्हणजे उभे धागे, दोन टोकांना बांधून ताणायचा आणि दोन्ही अंगांनी माणसांनी कुंच्यानं त्याला खळ लावत जायचं. याला पांजणी म्हणायचे. सायकलवाला आला तर उतरायचा, सायकल आडवी करायचा आणि ताण्याखालून वाकून जायचा, पण सुताला हात लावायचा नाही. दूधवाल्याच्या म्हशीलासुद्धा ते माहीत होतं, ती आपली कोपऱ्यावरच थांबायची.

आम्ही मूळचे माढ्याकडचे. तिथं आप्पाच्या वाट्याला आलेली पट्टी एवढी मुरमाड की तिच्यावर कुसळ धड उगवत नव्हतं. आप्पा शहरात आला, तेलुगू माणसांच्या कारखान्यात माग शिकला आणि मागंमागं आम्हाला घेऊन आला. मालकाचं नाव सायण्णा. पुढं त्यांचं घर, मधी आठ मागांचा कारखाना, आणि पाठीमागं पत्र्याची एक खोली. ती खोली खळ शिजवणाऱ्या बाईची, हा जुना रिवाज. आमच्या आधी तिथं एक म्हातारी राहायची, तिची नजर गेली तेव्हा तिनं आईला जवळ बसवून खळ शिकवली आणि लेकीकडं निघून गेली. तेव्हापासून ती खोली आमची झाली. आप्पा कितीही चांगला विणकर असला तरी डोक्यावरचा पत्रा आईच्या खळीमुळं होता. हे आप्पाला टोचायचं आणि आईला ते टोचतंय हे ठाऊक होतं, म्हणून ती कधी तसं बोलायची नाही.

पण खळ तिची होती, ते बोलायची गरजच नव्हती. बाजूच्या कारखान्यातून माणसं डबा घेऊन यायची, 'तुमच्या बाईची खळ जरा द्या, आमच्या पांजणीवाल्यांना दाखवायची हाय.' आईकडं माप नव्हतं. पीठ ओंजळीनं, पाणी डोळ्यानं, आणि मोरचूद पाट्यावर कुटून तळहाताच्या खळग्यात घ्यायची. खळग्यात किती घ्यायचं हे हवेवर होतं. ढगाळ असलं की चिमूटभर जास्त, उन्हाळ्यात कमी. मोरचूद एवढ्यासाठी की खळीला बुरशी धरू नये, आणि दुसरं म्हणजे उंदीर. मोरचूद पाजलेल्या सुताला उंदीर तोंड लावत नाही असं सगळे धरून चालायचे. पांजणीच्या सकाळी सायण्णा मालक धोतराचा सोगा खोचून यायचे, खळीत बोट बुडवायचे, दोन बोटांत चोळून बघायचे आणि म्हणायचे, "बागुंदी." म्हणजे छान झालंय. आईला तेलुगूतला तेवढाच एक शब्द येत होता. ते ऐकलं की ती पदर खांद्यावर नीट घ्यायची आणि त्या दिवशी भाकऱ्या थापताना हाताचा आवाजही वेगळा यायचा.

पीठ, सूत आणि माणसांची भाकरी एका छपराखाली म्हटल्यावर उंदीर आलेच. आमच्याकडं तारेचा पिंजरा होता. त्याच्या आकड्याला कडक भाकरीचा तुकडा शेंगाची चटणी लावून अडकवायचा. सकाळी उंदीर घावलेला असायचा. मग पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडवायचा, बुडबुडे यायचे थांबले की काढायचा. हे काम माझं. मी तिसरीत शाळा सोडली होती, सुताच्या कांड्या भरत भरत मागावर बसलो होतो, ओठावर लव आली होती. मला त्या कामाचं काही वाटत नव्हतं. बादली भरायची, बुडवायचा, मोरीवर दात घासत उभं राहायचं. माझी धाकटी बहीण सुमी दारात बसून बघायची.

सुमी त्या वर्षी मुदतीच्या तापातून उठली होती. आठ वर्षांची पोर, पण उचलली तर कोंबडीएवढी लागायची. महिनाभर भाताच्या पेजेवर होती. मालकाच्या घरून अम्मा, म्हणजे मालकीणबाई, चिंचेचं पातळ चारु पाठवायच्या, ते ती वाटी चाटून प्यायची. शाळेत जायला लागली, पण चार पावलं टाकली की पाय लटपटायचे. आणि त्याच सुमाराला तिच्या नगरपालिकेच्या शाळेनं पोरांना सकाळच्या खेळाला टॉकीजमधी न्यायचं काढलं. इंग्रजी सिनेमा, पण त्यात माणसाचं काम माणसानं केलेलं नाही, सगळी हातानं काढलेली चित्रं आणि ती चित्रंच चालणार, बोलणार.

"चित्रं बघायला टॉकीजला कशाला जायचं?" आप्पा म्हणाला. "भिंतीवर कॅलेंडर हाय की."

सुमी नुसती कॅलेंडरकडं बघत बसली. आई म्हणाली, "जाऊ द्या की. मरता मरता राहिलीया पोर."

"आन चालत जाणार व्हय ही?"

"म्हादा न्हील पाठीवर."

मी फुरंगटलो. मागावर बसणारा गडी, मी बारक्या पोरांच्या रांगेत जाऊ? शेवटी म्हणालो, "न्हेतो, पर आत बसणार न्हाय. भाईर थांबतो." आणि नेली. टॉकीजच्या दारात शाळेच्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "हिला एकटी कशी बसवू मी? घसरून पडेल. तू पण बस आत." अशा रीतीनं मी आत गेलो. माझ्या इच्छेनं गेलो नव्हतो, हे मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं आणि आताही सांगतो.

सिनेमातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. बाईंनाही कळलं नसणार, कारण त्या सुरुवातीला जरा सांगत होत्या, मग गप झाल्या. पण कळायचं काय राहिलं होतं? एक पिठाची चक्की, ओढ्याच्या पाण्यावर चालणारी. चक्कीवाल्याची लहान पोरगी. बाप मरतो, आणि चुलता चक्की बळकावायला पोरीला वरच्या माळ्यावर कोंडून ठेवतो. दाराला जाड दोरखंड बांधतो. तिच्याकडं कुणी येत नाही. येतात ते चक्कीतले उंदीर. एक नवरा, एक बायको. बायको धीट, नवरा लई भित्रा, सावली बघून पिठात लपायचा. त्यांना साथ एका लंगड्या गाढवाची आणि एका कावळ्याची. उंदीर दोरखंड कुरतडायला लागतात. दिवसभर कुरतडतात, चुलता येतो, नवा दोर बांधतो, हे परत कुरतडतात. पोरं हॉलमधी उड्या मारत होती. मीही पुढं सरकून बसलो होतो, पण ते सुमीला दिसावं म्हणून.

मग चुलत्यानं पिंजरा लावला. तारेचा. आमच्यासारखाच. त्यात तो भित्रा नवरा घावला, कारण बायकोच्या आधी तो पुढं गेला, पहिल्यांदाच पुढं गेला. चुलत्यानं पिंजरा उचलला आणि ओढ्याकडं चालला. उंदीर मागच्या दोन पायांवर उभा होता, पुढच्या पायांनी तार धरून, आणि ओरडत नव्हता. नुसता बघत होता. सगळ्या हॉलमधी पोरं किंचाळायला लागली. सुमीची नखं माझ्या दंडात घुसली. मी तिच्याकडं बघितलं तर ती पडद्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

पिंजरा पाण्याला लागला आणि लंगड्या गाढवानं चुलत्याला अशी लाथ घातली की तोच ओढ्यात गेला. पोरांनी टाळ्या पिटल्या. पुढं दोर तुटला, पोरगी सुटली, सगळं छान झालं. मला ते नीट दिसलं नाही. सुमी म्हणाली, "दादा, रडतूयास व्हय?" मी म्हणालो, "डोळ्यात काय तर गेलं. घाण हाय हितं." आता मी सत्तरीच्या पुढं आहे. नातू मोबाइलवर दिवसभर असले सिनेमे बघतो, बोलणारे कुत्रे, उडणारे हत्ती, आणि जेवता जेवता बघतो. मी शेजारी बसत नाही. उठून गॅलरीत जातो. त्याला वाटतं आजोबांना आवडत नाही.

परत येताना सुमी पाठीवर होती. बरीच वाट गेल्यावर कानाशी म्हणाली, "दादा, उद्या तू बुडवणार?"

"व्हय."

"त्यो बी कुणाचा तर नवरा आसंल की."

"आसंल. मग बायकूला बी बुडवतो. दोघं संगं जातील."

बरोबरची पोरं फिदीफिदी हसली. सुमीनं माझ्या गळ्यातले हात काढून घेतले. उरलेली वाट मला तिचे दोन्ही पाय घट्ट धरून चालावं लागलं, नाही तर पडली असती.

घरी आल्यावर ती कारखान्यात आप्पाच्या मागापाशी गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की पिंजरा लावू नका. आठही माग थांबले, एवढे हसले सगळे. तुटलेले धागे सांधायला येणारे इमामचाचा म्हणाले, "सुमी बेटी, चूहे कू बोल, सूत नक्को काटो, चाचा की दाढ़ी काटो." मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. दोन पायांवर उभा राहून, हातात तार धरल्यासारखं करून त्या उंदराची नक्कलसुद्धा करून दाखवली. सायण्णा मालक दारात उभे राहून पोट धरून हसत होते. सुमी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात उंदीर होता. मी बादली भरली. पिंजरा उचलला. तर तो दोन पायांवर उभा. आता उंदीर तसे उभे राहतात, पिंजऱ्यातला कुठलाही उंदीर राहतो, मी शंभर वेळा बघितलं असणार. पण त्या दिवशी मला बघवलं नाही. मी पिंजऱ्यावर फडकं टाकलं, गल्लीच्या मागं जुनी विहीर होती, तिच्या पलीकडं बाभळी, तिथं गेलो आणि दार उघडलं. तो क्षणभर बाहेरच येईना. मी पिंजरा आपटला तेव्हा गेला. परत येऊन भरलेली बादली मोरीत ओतली, आवाज व्हावा म्हणून. आई चुलीपाशी होती. "बुडवला का रं?" "बुडवला."

असं रोज. कुणाला सांगायची सोय नव्हती. निदान सुमीला सांगता आलं असतं, ती खूश झाली असती. पण ती लगेच सगळ्यांना सांगणार, आणि मग इमामचाचा, आप्पा, बाकीच्या मागांवरचे गडी... नक्कल करून दाखवणारा मीच होतो. मला ते सहन होणारं नव्हतं. म्हणून मी तिच्यासमोर उलट जास्तच बोलायचो, "आज जाडा घावला, लई बुडबुडे आले." ती कान झाकून घ्यायची. आठ-दहा दिवसांनी एक उंदीर घावला त्याचा एक कान फाटलेला होता. तो मी आदल्या आठवड्यात बाभळीत सोडला होता. म्हणजे ते परत येत होते. हे कळल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी फाटक्या कानाचा परत सोडला. आणि त्यानंतर पिंजऱ्याला भाकरी लावायचीच बंद केली. रिकामा आकडा, उघडं दार. सकाळी म्हणायचो, "आज काय घावलं न्हाय."

"कमी झालं मग," आई म्हणायची. "बरं झालं."

लग्नसराईच्या लुगड्यांसाठी पांजणी केलेले ताणे तेव्हा गुंडाळून कारखान्याच्या माळ्यावर ठेवलेले होते. गिऱ्हाइकांनी आधीच सांगून ठेवलेला माल, तारखा ठरलेल्या. ज्या सकाळी पहिला ताणा खाली घ्यायचा होता त्या सकाळी आप्पाच माळ्यावर चढला. शिडीवर बसून राहिला. मालक म्हणाले, "काय झालं ओ?" तेव्हा त्यानं ताणा खाली सोडला आणि तो खाली येता येताच उलगडला, म्हणजे उलगडला नाही, सांडला. बोटाएवढे, विताएवढे तुकडे. भुशासारखं सूत सगळ्यांच्या पायांवर. दुसरा तसाच. तिसऱ्यात घर केलेलं होतं, आणि घरात गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं वळवळत होती. इमामचाचांनी ती फावड्यावर घेतली आणि बाहेर कावळ्यांना टाकली. सुमी दारात उभी होती.

मालकांनी सूत हातात घेतलं. मग त्यांनी एक धागा जिभेला लावला. "एलकलु," ते म्हणाले. उंदीर. "आजपर्यंत माळ्यावरच्या ताण्याला उंदीर लागला नाही. माझ्या बापाच्या वेळेपासून. गोदाबाई, मोरचूद घातला होता का ओ?"

आईचे हात पिठाचे होते. "घातलं हुतं, मालक."

"किती?"

आईनं तळहात पुढं केला. खळगा दाखवला. आणि तिथं सगळ्यांना ती किती रिकामी गोष्ट आहे ते दिसलं. एक बाई पिठाळलेला हात पुढं करून उभी, आणि त्या हातात काहीच नाही.

"हात म्हणजे माप असतंय होय ओ?" मालक म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ढग होतं त्या दिवशी, नाही होतं, कमी टाकलं, जास्त टाकलं, कोण बघितलं? मोरचूद असतंय तर उंदीर तोंड लावतंय काय?" पुढचं त्यांनी आप्पाला सांगितलं, आईला नाही. पुनवेपर्यंत खोली मोकळी करायची. खळीला दुसरी बाई बघतो.

आप्पा घरी आला आणि दोन दिवस आईशी बोलला नाही. तिनं पुढं ठेवलेलं ताट बोटानं बाजूला सारायचा आणि सुमीच्या ताटातलं खायचा. आई एकदा नुसती म्हणाली, "मी घातलं हुतं हो. मला आठवतंय. त्या दिवशी बोट कापलेलं हुतं माझं आन मोरचूद झोंबलं." तो म्हणाला, "बोट कापलेलं हुतं म्हणूनच कमी घातलं आसशील." ती आपल्या बोटाकडं बघत राहिली, जसं काही ते बोट सांगणार होतं.

मी मागावर बसत होतो. धोटा इकडून तिकडं जायचा आणि मला काही दिसायचं नाही. माणूस गप्प राहायला किती कारणं शोधतो ते मी त्या दिवसांत शिकलो. मी म्हणायचो, कदाचित आईनं खरंच कमी घातलं असेल. मी म्हणायचो, सोडलेले उंदीर वेगळे, माळ्यावरचे वेगळे. पण फाटक्या कानाचा मी ओळखला होता. तिसऱ्या दिवशी आई खोलीतली भांडी पोत्यात भरायला लागली, आणि तिनं ते खळीचं पातेलं घासून, पालथं घालून, मालकाच्या पडवीत नेऊन ठेवलं. नव्या बाईसाठी. स्वच्छ घासलेलं. ते बघितलं आणि मी माग थांबवला, उठलो.

"मालक, उंदीर मी सोडलंत."

मालक हिशेबाच्या गादीवरून वर बघायला लागले. माग एकेक करून थांबले.

"आईचं कायबी चुकलं न्हाय. पिंजऱ्यात घावलेलं उंदीर मी बुडवलं न्हाईत. विहिरीपल्याड नेऊन सोडलं. नंतर भाकरी बी लावली न्हाय पिंजऱ्याला. मी लबाड बोललो समद्यांशी."

"का सोडलास?"

इथं मला सांगायलाच हवं होतं. "त्या सिनेमात," मी म्हणालो, "त्यो उंदीर..." आणि पुढं शब्द सापडेनात. कुणी हसलं नाही. मी त्यांचं हसू झेलायच्या तयारीनं उभा होतो, आणि कुणी हसलं नाही.

"तूच हसत होतास ना रे तुझ्या बहिणीला?" मालक हळूच म्हणाले. "उड्या मारून दाखवलास इथं. मी होतो की."

"व्हय. पर सोडलं मीच."

इमामचाचा डोळे पुसत म्हणाले, "माँ के वास्ते बोल रा बच्चा. अल्ला, क्या औलाद है."

मी म्हणालो, "न्हाय चाचा, खरं बोलतूय." जेवढं मी खरं खरं म्हणत गेलो तेवढ्या त्यांच्या माना हलत गेल्या. मालकांचा स्वतःचा मुलगा वेगळं बिऱ्हाड करून राहायचा, अम्मांशी त्याचं बोलणं नव्हतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मालक उठले, माझ्यापाशी आले, माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग आप्पाला म्हणाले, "खोली राहू दे तुमच्याकडं. गोदाबाईच खळ शिजवू दे. मोरचूद मात्र आमच्याकडं कुलपात राहील, अम्मा मोजून देतील. आणि हा पोरगा उद्यापासून खिडकीच्या मागावर बसेल." खिडकीचा माग म्हणजे उजेडाचा, नक्षीच्या कामाचा, जुन्या विणकराचा. तो मिळायला माणसाचे केस पांढरे व्हायचे.

आणि तेव्हा आप्पाचा हात माझ्या खांद्यावर आला. त्या आधी तो हात माझ्या अंगाला लागला होता तो मारायलाच. तो जड हात तिथंच राहिला, आणि आप्पा सगळ्यांकडं बघत म्हणाला, "माझं हाय ते." एवढंच. मी पुन्हा 'खरं बोलतूय' म्हणालो का? मी कितीदा आठवून बघितलं आहे. नाही म्हणालो.

संध्याकाळी आप्पा बाहेर कट्ट्यावर बसून शेजाऱ्यांना ते सगळं सांगत होता. तिसऱ्यांदा सांगत होता. सुमी त्याच्या मांडीवर. आई चुलीपाशी आमटीला फोडणी देत होती. मी पाणी प्यायला आत गेलो. तिनं पळी बाजूला ठेवली, पदरानं हात पुसले आणि माझ्याजवळ आली.

"म्हादा," ती म्हणाली, "मला एकटीला खरं सांग. मी कुणाला बोलणार न्हाय. तुज्या आप्पाला बी न्हाय. सोडलंतास तू उंदीर?"

तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिला माझ्यावर रागवायचं नव्हतं. तिला फक्त एक हो पाहिजे होता. मी हो म्हणालो असतो तर तिचा हात तिला परत मिळाला असता. बाहेर आप्पाचा आवाज येत होता, "समद्यांच्या देखत उभा राहिला, बरं का, मान वर करून." खांद्यावर अजून त्याच्या हाताचं वजन होतं. खिडकीचा माग माझा झाला होता.

"उंदराला कोण सोडतंय का, आई?" मी म्हणालो. "तुज्यासाठी बोललो."

मग तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, खरखरीत, खळीनं चिरा पडलेला. "गुणाचं माझं लेकरू," म्हणाली. परत चुलीपाशी जाऊन बसली, पळी हातात घेतली, आणि मला नाही, आमटीला सांगितल्यासारखं म्हणाली, "मग माझंच चुकलं हुतं."

त्या दिवसापासून आईनं हातानं काही घातलं नाही. मोरचुदाचं तर अम्मा बघत होत्या, पण मीठसुद्धा ती वाटीनं घालायला लागली. घालायची आणि विचारायची, "सुमे, घातलं का गं मी?" आमटी कधी खारट व्हायची, कधी अळणी, कारण वाटी हवा बघत नाही. पुढं मोठे कारखाने झाले, सूत खळ लावूनच यायला लागलं, आमची खोली गेली, मी माझं घर बांधलं. खिडकीच्या मागावर मी नाव कमावलं. माझ्या हातच्या काठाची लुगडी लोक ओळखायचे, हे मी लपवत नाही, कमावलं ते कमावलं. सुमी नांदायला कुंभारीला गेली. आप्पा गेला तोपर्यंत ती गोष्ट सांगत होता. दहाव्याच्या दिवशी कावळा शिवला तेव्हासुद्धा कुणीतरी ती सांगितली आणि माना हलवल्या.

आईला मी सांगेन सांगेन म्हणत होतो. हट्टी माणूस आहे मी, एकदा धरलेलं सोडत नाही, आणि खोटंसुद्धा सोडलं नाही. माझ्या थोरल्याचं लग्न झालं त्या वर्षी आई पार वाकली होती. नवी सूनबाई स्वयंपाकघरात होती, आम्ही दोघं पाटावर बसून चहा पीत होतो. सुनेनं डब्यात हात घालून मीठ उचललं आणि आमटीत टाकणार, तेवढ्यात आईनं तिचं मनगट धरलं.

"हातावर भरवसा ठिवू नगं, बाई. वाटी घे. माझा बी हात लई चांगला हुता, समदी गल्ली म्हणायची. त्याच हातानं एकदा ह्या समद्यांना रस्त्यावर आणलं असतं मी." आणि ती माझ्याकडं वळली. "व्हय का न्हाय रं, म्हादा?"

सूनबाई माझ्याकडं बघत होती, मूठ तशीच मिटलेली.

मी म्हणालो, "व्हय."